बदकाचं अंडं मऊ पडतंय? कॅल्शियमची बाटली आणण्याआधी हे तपासा

खुराड्यात हात घातला की टणक अंड्याऐवजी बोटाखाली दबणारी, ओलसर पापुद्र्याची पिशवी हाताला लागते. कधी तीही नसते, पेंढ्यावर पिवळा डाग आणि कोपऱ्यात फाटलेली कातडी एवढंच उरतं. गोराई, मनोरी, मढ, एरंगळच्या वाड्यांत, आरेच्या पाड्यांवर किंवा एखाद्या बैठ्या घराच्या मागच्या अंगणात दोन-चार बदकं पाळणाऱ्यांना हे कधी ना कधी बघावं लागतंच. मग ज्याला विचाराल तो एकच सांगतो, कॅल्शियम द्या.

सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. भांड्यात कॅल्शियम असूनही टरफल धरत नाही अशी कारणं मुंबईत भरपूर आहेत. खारट विहीर, ऑक्टोबरची तलखी, गणपती ते दिवाळी चालणारे फटाके, पावसाळ्यात बुरसलेलं खाद्य, आणि या सगळ्यांच्या वर बेकरीचा शिळा पाव. मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने लिहिते आहे.

एकीची तक्रार की सगळ्यांची?

दुकानात किंवा डॉक्टरकडे जाण्याआधी एवढं ठरवा. चार माद्यांपैकी एकच मऊ अंडं घालत असेल तर बिघाड बहुधा त्या मादीच्या शरीरात आहे. सगळ्यांची टरफलं एकाच आठवड्यात पातळ झाली, तर बिघाड त्यांच्या खाण्यात, पाण्यात, हवेत किंवा रात्रीच्या झोपेत आहे. एकीच्या दुखण्यासाठी सगळ्या कळपाला औषध पाजण्यात काही अर्थ नाही. आणि खाद्यच चुकत असेल तर एकीला डॉक्टरकडे नेऊन भागत नाही.

मऊ अंडं कुणाचं हे शोधणं बदकांच्या बाबतीत त्यातल्या त्यात सोपं आहे. कोंबडी सकाळपासून दुपारपर्यंत कधीही अंडं घालते, बदकं मात्र बहुतेक पहाटे ते सकाळी आठ-नऊच्या आत मोकळी होतात. रात्री एकेक मादी वेगळ्या डालग्याखाली ठेवली की दोन-तीन सकाळींत उत्तर मिळतं. डालगी नसतील तर हाताने बघा. शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन बाजूंना ओटीपोटाच्या हाडांची टोकं लागतात. अंड्यावर असलेल्या मादीची ही टोकं लवचीक असतात आणि त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज मावतात. अंडी बंद असलेल्या मादीची टोकं घट्ट आणि जवळजवळ असतात.

या तपासणीचा आणखी एक फायदा आहे. ‘आमच्या बदकांनी अंडी बंद केली’ अशी जी तक्रार असते, तिच्यात बऱ्याचदा अंडी बंद झालेलीच नसतात. मऊ अंडं पायाखाली फुटतं आणि बदकंच ते खाऊन टाकतात. उरलेलं कावळा, घूस किंवा मुंगूस नेतं. काही माद्या टबातल्या पाण्यातच अंडं टाकतात, काही केळीच्या बुंध्याशी पाचोळ्यात लपवतात. हाडांची टोकं फाकलेली आहेत आणि अंडं मात्र दिसत नाही, तर अंडं कुठेतरी जातंय असं समजा आणि पेंढा उलटून बघा.

एकटीच मादी मऊ अंडी घालत असेल तर तिचं वय विचारात घ्या. नुकती अंड्यावर आलेली मादी पहिले काही आठवडे मऊ, वेडंवाकडं किंवा दोन बलकांचं अंडं घालू शकते. खाकी कॅम्पबेल साधारण साडेचार-पाच महिन्यांत अंड्यावर येते, बाकीच्या जातींना जास्त वेळ लागतो. या काळात धीर धरणं हाच उपाय. तीन-चार वर्षांपुढच्या म्हातारीचं टरफल पातळ होत जातं, तेही चालायचंच. पिसं झडत असताना अंडी थांबतात. आणि लाल चामखिळी चेहऱ्याची मस्कोव्ही थोडी अंडी घालून खुडूक बसली तर तो आजार नव्हे, तिचा स्वभाव आहे. तिची पिल्लं बाहेर यायला ३५ दिवस लागतात, इतर बदकांची २८ दिवसांत येतात. तेवढे दिवस तिच्याकडून अंड्याची अपेक्षा ठेवू नका.

टरफलाचं काम रात्रपाळीचं असतं

हे एकदा लक्षात आलं की पुढचे निम्मे उपाय आपोआप सुचतात. पिवळा बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण एक दिवस जातो. पहिल्या चार-पाच तासांत पांढरा बलक आणि आतले पापुद्रे चढतात. उरलेला जवळजवळ सगळा वेळ, म्हणजे १८ ते २० तास, अंडं अंडनलिकेच्या शेवटच्या कप्प्यात बसतं आणि तिथे त्याच्यावर टरफल चढतं. टरफलाचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. अंडं पहाटे येणार म्हणजे टरफलाचं सगळ्यात जोराचं काम आदल्या संध्याकाळपासून रात्रभर चालणार, आणि नेमकं तेव्हा बदक जेवत नसतं.

रात्रीचं हे कॅल्शियम दोन ठिकाणांहून येतं. एक म्हणजे संध्याकाळी खाल्लेले शिंपल्यांचे तुकडे. हे पेट्यात, म्हणजे धान्य भरडणाऱ्या पोटाच्या कप्प्यात, पडून राहतात आणि हळूहळू विरघळतात. दुसरं म्हणजे मादीची स्वतःची हाडं. अंड्यावर आलेल्या मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा राखीव साठा तयार होतो. खाण्यातून मिळालं नाही तर शरीर हाडांतून काढतं. काही दिवस अंडी ठीक दिसतात, मग पातळ होतात, मग मऊ. त्यानंतर मादी पाय ओढायला लागते. मऊ अंडी आणि लंगडणं एकत्र दिसलं तर अजिबात थांबू नका, तिच्या हाडांतला साठा संपत आला आहे.

खाण्यातली चूक: पाव, भात आणि चुकीचं पोतं

मुंबईतल्या बदकांचा सगळ्यात मोठा शत्रू मांजर नाही, पाव आहे. बेकरीतून उरलेला पाव स्वस्तात मिळतो, बदकं तुटून पडतात, आपल्यालाही बरं वाटतं. पण पावात आणि शिळ्या भातात पोट भरण्यापलीकडे काही नाही. कॅल्शियम नगण्य आणि प्रथिनंही अपुरी. वर मादीच्या पोटात चरबी साठते आणि चरबीने भरलेल्या मादीचं अंडं अडकण्याची शक्यता वाढते. कोंडा चांगला म्हणून सढळ हाताने घालणारेही आहेत. कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो, त्यातला बराचसा अशा रूपात की तो कॅल्शियमला धरून ठेवतो. मूठभर कोंडा चालेल, पण दोन्ही वेळचं जेवण कोंड्याचं नको.

खाद्याचं पोतं आणत असाल तर त्यावरचं नाव आणि कॅल्शियमचा आकडा वाचा. दुकानदार ‘कोंबडीखाद्य’ म्हणून जे देतो ते पुष्कळदा ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं असतं. ब्रॉयलर किंवा स्टार्टर (पिल्लांच्या) खाद्यात कॅल्शियम सुमारे १ टक्का असतं, अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेअर खाद्यात ३.५ ते ४ टक्के. अंड्यावरच्या बदकाला साधारण ३ टक्क्यांच्या आसपास लागतं. म्हणजे ब्रॉयलरच्या पोत्यावर पोसलेली मादी गुबगुबीत दिसेल, पण टरफलासाठी तिला गरजेच्या जेमतेम एक तृतीयांश कॅल्शियम मिळत असेल. लेअर मॅश, म्हणजे भरडलेलं लेअर खाद्य द्या, मात्र कोरडी देऊ नका, चोचीत चिकटते आणि बदकं ती पाण्यात धुऊन फुकट घालवतात. पाणी शिंपडून ओलसर करा आणि एका वेळी संपेल एवढीच द्या, कारण दमट हवेत ओली मॅश दुपारपर्यंत आंबते.

उलट चूकही होते. पिल्लांना लेअर खाद्य घालू नये आणि नरांना महिनोन्‌महिने फक्त त्याच खाद्यावर ठेवू नये. नको असलेलं कॅल्शियम बाहेर टाकताना त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून मला पटलेली पद्धत अशी, की सगळ्यांना साधं संतुलित खाद्य द्यायचं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात उघडा ठेवायचा. अंड्यावरची मादी गरजेपुरता उचलते, नर सहसा तिकडे फिरकत नाहीत.

शिंपल्यांसाठी मुंबईकराला दुकानात जायची गरजच नाही. तिसऱ्या, कालवं, खुबे खाल्ल्यावर जी टरफलं कचऱ्यात जातात तीच घ्या. दोन-तीन पाण्यांत भिजवून मीठ काढा, उकळा, कडक उन्हात वाळवा आणि गोणपाटात गुंडाळून दगडाने फोडा. पीठ करायचं नाही. ज्वारी-तुरीच्या दाण्याएवढे तुकडे हवेत, म्हणजे ते पेट्यात टिकतात आणि रात्रभर पुरतात. धारदार लांब किरचा निघाल्या तर काढून टाका. किनाऱ्यावर वाहून येणारं माकुलीचं पांढरं हाड, समुद्रफेस, तेही याच कामाचं आहे, फक्त मीठ नीट धुवायला हवं. हा चुरा दुपारी चारनंतर समोर असलाच पाहिजे. सकाळी ठेवून संध्याकाळी रिकामं भांडं उचलणाऱ्यांच्या बदकांना नेमका गरजेच्या वेळीच तो मिळत नाही. घरातली अंड्यांची टरफलं चालतात, पण तव्यावर खरपूस भाजून आणि ओळखू येणार नाहीत इतकी बारीक करून. नाहीतर बदकं स्वतःचीच अंडी फोडायला शिकतात, आणि ती सवय सुटता सुटत नाही.

आता चुन्याविषयी. गल्लीतली कुणीतरी मावशी सांगतेच, ‘अगं, पानाचा चुना दे बोटभर, दुसऱ्या दिवशी दगडासारखं अंडं देईल.’ मावशींचा अनुभव मोठा असला तरी हे करू नका. पानाचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजू शकतो. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो निरुपद्रवी आहे.

भाजीवाल्याकडचा उरलेला पाला घालत असाल तर पालक आणि अळू बेतानेच. त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून टाकतं. कोबी, मेथी, शेवग्याचा पाला, पाणवनस्पती चालतील. सुकट-जवळा बदकांना फार आवडतो आणि प्रथिनंही देतो, पण खारवलेला असेल तर नको. मिठाचं कारण पुढे येतंच आहे.

ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात शिरत नाही. उन्हात फिरणाऱ्या बदकाला ते फुकट मिळतं. जून ते सप्टेंबर पत्र्याखाली कोंडलेल्या बदकाला मिळत नाही, आणि जुन्या पोत्यातलं ड जीवनसत्त्वही दिवसागणिक कमी होत जातं. पावसाळ्यात पक्ष्यांसाठी मिळणारं डी३ असलेलं कॅल्शियमचं द्रावण बाटलीवरच्या मापाने काही दिवस द्यायला हरकत नाही. पण आपल्या घरात फ्रिजवर जे ६०,००० युनिटचं पाकीट पडलेलं असतं, ते बदकाच्या पाण्यात कधीही टाकू नका. माणसाला ते आठवड्यातून एकदा देतात. दोन-अडीच किलोच्या पक्ष्याला एवढा डोस विषारी ठरू शकतो.

पाणी, खारं आणि गोडं

खाद्य नीट, शिंपले समोर, तरी अंडी मऊ, अशी घरं किनाऱ्यालगतच्या गावांत सापडतात. तिथे मी आधी विहिरीचं पाणी चाखते. खाडी आणि समुद्राच्या कुशीतल्या विहिरी मार्चनंतर मचूळ होतात. आपल्या जिभेला जेमतेम जाणवणारा खारटपणा टरफलाला पुरतो. कोंबड्यांवर झालेल्या प्रयोगांत लिटरमागे एक-दोन ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यानेही टरफलं पातळ झाली आणि तडकलेल्या अंड्यांचं प्रमाण वाढलं, पक्षी मात्र बाहेरून ठणठणीत दिसत होते. गंमत अशी, की पाणी बदललं म्हणून टरफल लगेच सुधारत नाही. म्हणून पाणी खारट झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा होळीच्या सुमारासच पिण्याचं पाणी वेगळं केलेलं बरं.

विहिरीचं पाणी टबात डुंबायला वापरता येतं, पण बदक ज्यात डुंबतं तेच पितं, ही अडचण आहे. तोडगा असा, की पहाटे खुराडं उघडताच आणि संध्याकाळी खाद्याबरोबर नळाचं गोडं पाणी आधी समोर ठेवायचं. पोटभर प्यायल्यावर मग टबाकडे सोडायचं. भांडं एवढं खोल हवं की पूर्ण चोच नाकपुड्यांसकट बुडेल. पाण्याविना बदकाला खाद्य गिळता येत नाही आणि एखादा दिवस पाण्याची हेळसांड झाली तरी अंडी थांबू शकतात. ज्यांच्याकडे नळाला ठरावीक तासच पाणी येतं त्यांनी बदकांसाठी एक झाकणाचा पिंप राखून ठेवावा.

ऑक्टोबर आणि मे

बदकाला घाम येत नाही. तापलं की ते चोच उघडून धापा टाकतं. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, आणि कॅल्शियम कार्बोनेटमधला कार्बोनेट तर त्यातूनच बनायचा असतो. म्हणजे कॅल्शियम भरपूर असलं तरी दुसरा अर्धा माल कमी पडतो. शिवाय उकाड्यात भूकही मरते. मुंबईच्या दमट हवेत धापा टाकूनही शरीर पुरेसं थंड होत नाही, म्हणून ऑक्टोबरमध्ये पारा ३५ अंशांवर गेला की टरफलं खरखरीत आणि पातळ व्हायला लागतात.

यावर कॅल्शियम वाढवून उपयोग नाही, बदक थंड करा. पत्र्याच्या खुराड्यावर ओली गोणपाटं किंवा झावळ्या टाका, एक बाजू जाळीची करून वारा खेळू द्या, डुंबायचं पाणी सावलीत ठेवा आणि दुपारी बदला. मुख्य जेवण पहाटे आणि सूर्य कलल्यावर. दुपारच्या उन्हात घातलेलं खाद्य बहुतेक वायाच जातं.

रात्रीची झोप

टरफल रात्री चढतं हे वर आलंच. मध्यरात्री लवंगी माळ लागली, ढोल-ताशा दारावरून गेला, कुत्री अंगावर आली किंवा घुशीने खुराड्याची माती उकरली, की दचकलेली मादी अर्धवट अंडं टाकून देते. कधी उलटं होतं, भीतीने अंडं आत अडकून राहतं आणि दुसऱ्या दिवशी पांढरी पूड माखलेलं, दुहेरी टरफलाचं अंडं येतं. एखाद-दुसऱ्या दिवसापुरतीच, सण-मिरवणुकीच्या पाठोपाठ मऊ अंडी आली तर औषध नको. कॅलेंडर बघा आणि तीन-चार दिवस थांबा.

नेहमीचीच अडचण असेल तर टॉर्च घेऊन रात्री एक चक्कर मारा. खुराड्याच्या तळाला बारीक भोकांची लोखंडी जाळी हवी, साध्या कोंबडीजाळीतून घुशीचं पिल्लू आरामात शिरतं. राष्ट्रीय उद्यानाला लागून असाल तर बिबट्याचाही विचार करूनच दार बनवावं लागतं. आणि रस्त्यावरचा एलईडी दिवा रात्रभर खुराड्यात पडत असेल तर त्या बाजूला ताडपत्री लावा. अंड्यासाठी दिवस मोठा लागतो हे खरं, पण रात्रच नाहीशी झाली तर अंडं घालायच्या वेळा विस्कटतात.

पावसाळी बुरशी

जुलैत उघड्या पोत्यातलं खाद्य आठ-दहा दिवसांत गुठळ्या धरतं. त्यावर जी बुरशी येते तिच्यातलं अफलाटॉक्सिन हे विष बदकांना इतर पाळीव पक्ष्यांपेक्षा फार लवकर बाधतं. मुळात हे विष माणसाला कळलं तेच पक्ष्यांमुळे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पटापट मेल्या, पाठोपाठ बदकांची पिल्लंही. शेवटी कारण निघालं बुरसलेली शेंगदाणा पेंड. या विषाने आधी यकृत खराब होतं, आणि पिवळा बलक यकृतातच तयार होतो, ड जीवनसत्त्वावरची पहिली प्रक्रियाही तिथेच होते. म्हणजे अंडी कमी होणं आणि टरफल बिघडणं दोन्ही एकदम.

बुरशी झटकून, उन्हात तापवून किंवा भाजून विष जात नाही. असं खाद्य सरळ फेकून द्या. पन्नास किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून चार बदकांसाठी पावसाळ्यात आणण्यात शहाणपण नाही. थोडं थोडं आणा, घट्ट झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून वर ठेवा. हिरवे ठिपके पडलेल्या पावालाही हाच नियम.

अंडं अडकलं तर

आतापर्यंतचं सगळं सावकाश तपासण्यासारखं होतं. हे नाही. मादी पेंग्विनसारखी उभट उभी राहते, शेपटी खालीवर करत कुंथते, खात नाही, कळपापासून दूर बसून राहते, पोट खालून टणक लागतं. तर अंडं अडकलंय. मऊ अंडं टणक अंड्यापेक्षा जास्त अडकतं, कारण ढकलणाऱ्या स्नायूंना त्याच्यावर पकड मिळत नाही. शिवाय रक्तात कॅल्शियम कमी असेल तर ते स्नायूच दुबळे पडलेले असतात.

हाताला सुखद वाटेल एवढं कोमट पाणी टबात घ्या, तिला पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा. मग कोरडी करून अंधाऱ्या, शांत, उबदार खोक्यात ठेवा. गुदद्वाराला थोडं खोबरेल लावा. पोट दाबून अंडं बाहेर काढायचा किंवा सुईने फोडायचा मोह टाळा. आत फुटलेल्या अंड्याचे तुकडे अंडनलिका फाडतात आणि बलक पोटात गेला तर जंतुसंसर्ग होऊन मादी दगावते. दोन-तीन तासांत मोकळी झाली नाही तर डॉक्टर. ते कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, गरज वाटली तर ऑक्सिटोसिनही. हे ऑक्सिटोसिन कुणाकडून तरी आणून घरी टोचू नका, वाट बंद असताना ते दिलं तर नलिका फाटते.

कुंथून कुंथून गुलाबी-लाल मांस बाहेर आलं असेल तर आधी तिला वेगळी करा, नाहीतर बाकीची बदकं तिथे टोचतात. स्वच्छ पाण्याने धुवा, पिठीसाखरेचा घट्ट लेप लावा. साखर सूज ओढून घेते. आत सारायचं काम शक्यतो डॉक्टरांवर सोपवा, आणि पुढचे काही दिवस अंधारात ठेवून अंडी थांबू द्या.

एकाच मादीला वारंवार असं होत असेल तर नर मोजा. एका नरामागे चार ते सहा माद्या हव्यात. दोन माद्यांमागे दोन नर असले की माद्यांच्या मानेची पिसं उपटलेली दिसतात आणि आतही इजा होते. आमच्याकडे नाताळच्या जेवणात नर कमी होतात आणि जानेवारीत माद्या सुधारतात, त्याचं श्रेय कुणी कुणी थंडीला देतात.

आजाराची शंका

कोंबड्या आणि बदकं एकाच अंगणात असतील तर ही गोष्ट ठाऊक असू द्या. १९७६ मध्ये नेदरलँड्समध्ये कोंबड्यांचा एक आजार नोंदला गेला, नावच एग ड्रॉप सिंड्रोम ७६. त्याचा विषाणू मूळचा बदकांचा. बदकं तो सहसा आजारी न पडता बाळगतात. कोंबड्या मात्र दिसायला धडधाकट असूनही फिक्या, पातळ, बिनटरफलाची अंडी घालू लागतात. तेव्हा बदकांची अंडी ठीक आणि कोंबड्यांची मऊ असा प्रकार असेल तर शिंपल्यांचं भांडं भरत बसू नका, पाणी आणि जागा दोघांची वेगळी करा. यावर औषध नाही, कोंबड्यांसाठी लस आहे.

अंडी एकाएकी घटली, हिरवट पातळ जुलाब, उजेड नकोसा, मान टाकलेली आणि पाठोपाठ मरतूक, ही डक प्लेगची लक्षणं असू शकतात. त्याची लस आपल्याकडे मिळते, पण ती आधी द्यायची असते. मरतूक भराभर आणि जास्त असेल तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नका, पुरू नका, विकू तर मुळीच नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता, २०२१ च्या जानेवारीत तो पुन्हा राज्यात आला तेव्हा मुंबईत मेलेले कावळेही सापडले होते, आणि बदक हा विषाणू काही दाखवू न देता वागवू शकतं.

सुधारायला किती दिवस

खाद्याची चूक सुधारली तर आठवड्याभरात फरक दिसायला लागतो, हाडांतला साठा भरून यायला त्याहून जास्त लागतो. तोवर मऊ अंडी माणसांनी खाऊ नयेत, पापुद्र्यातून जंतू आत शिरलेले असतात. तडकलेलंही नको. बदकाचं टणक अंडंसुद्धा पूर्ण उकडून किंवा नीट शिजवूनच खावं.

दोन आठवड्यांत फरक नाही, लंगडणं आहे किंवा एकच मादी पुन्हा पुन्हा अडकते, तर परळला जा. तिथलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे आणि त्याला लागूनच जुन्या मुंबईकरांचं बैलघोडा हॉस्पिटल. पक्षी बघणारे डॉक्टर कोणत्या वेळी असतात ते आधी फोन करून विचारा, गोराईहून बोट, लोकल आणि टॅक्सी करून पोचल्यावर उद्या या ऐकायला नको. बदक भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला गोणपाट घालून न्या. बरोबर शेवटचं मऊ अंडं डब्यात, मूठभर खाद्य पिशवीत आणि पिण्याचं पाणी बाटलीत. आधी कुठलं औषध दिलं असेल तर त्याचं वेष्टनही न्या. सल्फा गटातली औषधं स्वतःच टरफल पातळ करतात, आणि जुलाबावर म्हणून ती कुणी पाण्यात घातलेली असतात हे डॉक्टरला कळायला हवं. औषध चालू असेपर्यंत आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या मादीची अंडी घरातही खायची नाहीत आणि शेजारीही वाटायची नाहीत.